कोथिंबीर म्हणजे काय?

काकूनं आतून हाक मारली, "अहो, येताना कोथिंबीर आणा." काका दारात चपला घालत होते. ते थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "कोथिंबीर म्हणजे काय?" मी ओट्याशी चहा गाळत होते. काकू म्हणाली, "झाली का सकाळी सकाळी चेष्टा सुरू!" काकांचा स्वभाव थट्टेखोर, त्यामुळे तिचं काही चुकलं नाही. पण थट्टा करणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, हसू फुटतंय का ते. काका बघत नव्हते. ते दाराची कडी धरून उत्तरासाठी थांबले होते. शेवटी काकूनं परडीतली दोन सुकलेली देठं त्यांच्यासमोर धरली. "हां, पाला," म्हणून ते गेले आणि येताना मेथीची जुडी घेऊन आले.

मेथीची भाजी झाली, सगळ्यांनी खाल्ली. माझ्या डोक्यातून मात्र ते "म्हणजे काय" जाईना.

विसरणं आपल्या घरादारात सगळ्यांच्या ओळखीचं असतं. माझी आजी शेवटची काही वर्षं "अगं ते हे गं, ते..." करत हवेत बोटं फिरवायची. आम्ही पोरं पहिलं अक्षर पुरवायचो, "को...", की ती मांडीवर थाप मारून म्हणायची, "हां, कोथिंबीर! मेलं आठवतच नव्हतं." शब्द सापडल्यावरचा तो "हां" फार सुखाचा असतो. मलाही हल्ली चाळिशीनंतर लोकांची नावं आठवत नाहीत, आणि कुणी सांगितलं की तोच "हां" माझ्या तोंडून निघतो. काकांच्या बाबतीत अख्खा शब्द त्यांच्या कानावर पडला होता आणि "हां" आला नव्हता. आयुष्यभर मंडईतून रोज जी जुडी आणली, तिचं नाव त्यांना परगावच्या पाहुण्यासारखं अनोळखी वाटत होतं. यात आठवण्याची धडपडही नव्हती, आणि धडपड नसणं हेच मला जास्त खटकत होतं.

बाकी स्मरणशक्तीचं म्हणाल तर काकांच्या पुढे आम्ही कोणी टिकलो नसतो. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कराडच्या स्टँडवर फलाटांच्या टोकाला त्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी वर्षानुवर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. डिझेलचा वास, पावसाळ्यात भिजलेल्या घोंगड्यांचा वास, आणि त्या सगळ्यावरून येणारा काकांचा किंचित नाकातला आवाज, हे माझं लहानपणीच्या सुट्टीचं कराड. निवृत्त झाल्यावरही कुठली गाडी किती वाजता सुटायची ते त्यांना तोंडपाठ होतं. त्या सकाळी तर मी कुठल्या गाडीनं आले, ती किती उशिरा लागली आणि आदल्या वेळी मी आले तेव्हा जेवायला काय होतं, हे सगळं त्यांनीच मला सांगितलं होतं. पेपरातलं सुडोकू चहा संपायच्या आत सुटायचं. विम्याचा हप्ता कधी भरायचा, कुठल्या औषधाच्या किती गोळ्या उरल्या, सगळं चोख. म्हातारपणी डोक्याचं काही बिघडतंय का हे तपासायची आपल्याकडची मोजमापं ठरलेली आहेत: रस्ता चुकतो का, जेवून उठल्यावर "मला जेवायला दिलं नाही" म्हणतो का, तेच तेच विचारतो का. त्या प्रत्येक मापाला काका पुरून उरायचे. वयही फार नव्हतं, ६२.

आणि मराठी संसाराची बोली तर अशा माणसाला झाकायला अगदी सोयीची. "अहो" आणि "अगं" एवढ्यावर चाळीस वर्षांचं लग्न निभावतं, नाव घ्यायची वेळ येते ती उखाण्यात. "ते हे घे", "त्याला हे कर", "तिथलं ते आण" अशी वाक्यं आपण सगळेच बोलतो आणि समोरच्याला बरोब्बर कळतात. काकांच्या बोलण्यात हे-ते वाढत गेलं तसं ते कुणाला वेगळं वाटलं नाही. पुढे वांगं, दोडका, भेंडी सगळ्यांची "भाजी" झाली. मग कावळा, पोपट, घार यांचा "पक्षी" झाला, आणि काही महिन्यांनी पक्षीही "प्राणी" झाला. वाक्यं मात्र घडीव, व्याकरणाला धरून. क्रियापद जागेवर, लिंग-वचन जागेवर, बोलण्याचा वेग पूर्वीचाच. दुसऱ्या खोलीतून नुसता सूर ऐकला तर वाटावं, काका मजेत गप्पा मारताहेत. जवळ जाऊन ऐकलं की कळायचं, त्यात नामंच उरलेली नाहीत.

पेपर ते रोज मोठ्यानं वाचायचे, आणि हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा पुरावा होता. "एवढा खणखणीत पेपर वाचतात, त्यांना काय झालंय?" असं माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, मला फोनवर म्हणाला होता. पुढे मी या आजाराबद्दल, शब्दांचा अर्थच पुसत नेणाऱ्या सिमँटिक डिमेन्शियाबद्दल, वाचत गेले तेव्हा हा पुरावा किती फसवा आहे ते कळलं. इंग्रजी बोलणारे असे रुग्ण त्यांच्या वाचनावरून ओळखू येतात. त्या लिपीत 'मिंट'सारखंच लिहिलेलं 'पाइंट' असतं; शब्दाचा अर्थ गेला की माणूस ते सरळ 'पिंट' वाचतो आणि ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. जपानमध्ये तर १९४३ सालीच त्सुनेओ इमुरा यांनी असा आजार 'गोगी' या नावानं मांडला होता. त्या रुग्णांना ध्वनीची कानालिपी बिनचूक वाचता यायची आणि अर्थाची कांजी चिन्हं चुकायची. आपली देवनागरी लिहिल्याप्रमाणे वाचता येते याचा आपल्याला अभिमान. तिच्यात अर्थ कळला नाही तरी अग्रलेख धडाधड वाचता येतो. फटी आहेत, पण बारीक. वाण्याच्या यादीतलं 'चवळी' काकांनी एकदा 'चहा'मधला च लावून वाचलं होतं. दोन च आपण एकाच अक्षरानं लिहितो आणि कुठे कुठला ते शब्द ओळखीचा असेल तरच कळतं. तो आजाराचा भाग होता की जीभ घसरली, कुणी सांगावं? मी मात्र ते विसरलेले नाही.

म्हणींची तर गंमतच होऊन बसली. दादाचा धाकटा एकदा म्हणाला, "आबा, पोटात कावळे ओरडायला लागलेत." काकांनी त्याच्या पोटाकडे बघितलं आणि काळजीनं विचारलं, "काय ओरडतंय?" पोरगं हसून लोळायला लागलं, आम्हीही हसलो, आणि काकाही आम्ही हसतोय म्हणून हसले. ते हसू मला आजही नीट लावता येत नाही. त्यात काही क्रूर नव्हतं. घरातलं वातावरण त्या दिवशी खरोखर हलकं झालं होतं.

हलकं नव्हतं ते दुसरंच. काकूच्या सख्ख्या भावाच्या दहाव्याला घाटावरून सगळे घरी आलेले, बायका रडताहेत, आणि साडेबारा वाजता काका उठून म्हणाले, "जेवायची वेळ झाली. वाढा." कुणी तरी दबक्या आवाजात थांबवायला गेलं तर त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. काकूचं तोंड त्या वेळी कसं झालं होतं ते मी बघितलंय. त्यानंतर सगळ्या नात्यागोत्यात ठरून गेलं की हा माणूस रिटायर झाल्यापासून तिरसट झाला. साडेबारा म्हणजे साडेबारा. ताटात रोज तीच डाळ, तोच भात, शेवटी गोड. गोडाचं वेड तर असं वाढलं की शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट एका बैठकीत संपायचं. पूर्वी हाच माणूस लग्नात जिलेबीला हात लावायचा नाही. कोथिंबीर एका बाजूला, दहावा दुसऱ्या बाजूला आणि चिक्की तिसरीकडे, हे सगळं एकाच गोष्टीचे धागे असतील असं वाटायला काही कारणच नव्हतं. डाव्या कानशिलाच्या आत, मेंदूच्या एकाच कोपऱ्यात आणि त्याच्या शेजारपाजारी हे सगळं नांदतं, हे कळायला एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरावी लागली.

त्या फिल्मपर्यंत पोचायला वेळ लागला. आधीच्या एका डॉक्टरांनी तारीख, वार, गाव विचारलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. काकांनी वजाबाकी डॉक्टरांपेक्षा लवकर केली. घड्याळ दाखवून "हे काय?" विचारल्यावर "घड्याळ" म्हणाले, ते तर त्यांच्या हातावरच होतं. निवृत्तीनंतर येते तशी उदासी असेल, असं म्हणून गोळ्या लिहून दिल्या गेल्या. पुढे पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी वेगळीच गंमत केली. त्यांनी चित्रांचा गठ्ठा काढला. मग नुसते शब्द म्हणायला सांगितले. काकांनी "पाणघोडा" अगदी स्वच्छ म्हटला. "पाणघोडा म्हणजे काय?" तर "ते मला माहीत नाही." शब्द म्हणता येतो, त्याच्यामागे काही नाही. नंतर कागद पुढे करून मोर काढायला सांगितला. काकांचा हात चांगला, स्टँडवरच्या फळ्यावर त्यांचं अक्षर प्रसिद्ध होतं. त्यांनी मन लावून एक सुबक प्राणी काढला: डोकं, पोट, चार पाय आणि मागे छोटीशी शेपटी. ब्रिटनमधल्या अशा रुग्णांनी काढलेली चार पायांची बदकं या विषयातल्या लोकांना चांगलीच परिचित आहेत, असं डॉक्टर म्हणाले. ज्यानं मोर मोर होतो तेच आधी गळून जातं. पिसारा जातो, तुरा जातो, आणि बहुतेक प्राण्यांना जे असतं ते चार पाय तेवढे उरतात. काकूनं तो कागद मागून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सिमँटिक डिमेन्शिया. मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग झिजवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या कुटुंबातलं हे तसं कमी दिसणारं भावंड. हॉलिवूडच्या ब्रूस विलिसमुळे २०२३ साली ते कुटुंब सगळ्यांच्या कानावर गेलं, पण त्यातही वागणं बिघडवणारा प्रकार जास्त आढळतो. प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्येच भाषा ढासळत गेलेल्या आणि डाव्या बाजूला मेंदू आक्रसलेल्या रुग्णाबद्दल लिहून ठेवलं होतं. मग कित्येक दशकं सगळे डिमेन्शिया अल्झायमरच्या सावलीत गेले. १९७२ साली एंडेल टल्विंग यांनी स्मरणाचे दोन कप्पे वेगळे करून दाखवले: माझ्या बाबतीत काय घडलं याची आठवण वेगळी, आणि जगातली वस्तू म्हणजे काय याचं ज्ञान वेगळं. मला काकांना समजून घ्यायला एवढं एक वाक्य पुरलं. तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी तीन रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांचा हा दुसरा कप्पाच रिकामा होत चालला होता. सिमँटिक डिमेन्शिया हे नाव मँचेस्टरच्या ज्युली स्नोडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दिलं. मेंदूच्या पेशींत साचणारं टीडीपी-४३ हे प्रथिन तर २००६ साली ओळखलं गेलं. म्हणजे काका स्टँडवर गाड्या पुकारत होते तेव्हा या आजाराचं आजचं चित्र पुरतं तयारही झालेलं नव्हतं.

दादाचा पहिला प्रश्न, "मला होईल का?" तो त्यानं डॉक्टरांना विचारला नाही, पार्किंगमध्ये मला विचारला. या कुटुंबातले काही प्रकार घराण्यातून येतात, पण त्यातला हाच सगळ्यात कमी. बहुतेक वेळा तो कुणाकडूनही आलेला नसतो. हे ऐकून दादा गाडीत बसला आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही. काकूची तऱ्हा वेगळी. तिला आधी राग आला. एवढी वर्षं लोकांनी नवऱ्याला तिरसट म्हटलं त्याचा, आणि तिनंही दोन-चारदा म्हटलं होतं त्याचाही. मग सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचा पुन्हा राग. "म्हणजे ते मुद्दाम करत नव्हते," एवढंच ती घाट उतरेपर्यंत म्हणत राहिली.

औषध नाही. अल्झायमरसाठी जी गोळी देतात ती इथे उपयोगी पडत नाही, उलट काही वेळा चिडचिड वाढते, म्हणून डॉक्टरांनी ती देणारच नाही म्हणून सांगितलं. वागण्याची टोकं बोथट करायला एक गोळी आहे, ती चालू आहे. उरली स्पीच थेरपी. शब्द पुन्हा शिकवता येतात, अगदी खरोखर येतात. चित्र बघायचं, नाव म्हणायचं, रोज. काकांना अशी कवायत मनापासून आवडते, वेळापत्रकच ते. पण सराव सुटला की शब्द जातो, आणि शिकलेला शब्द त्या एका चित्रालाच चिकटून बसतो. फोटोतलं केळं "केळं" असतं आणि टोपलीतलं "फळ". याच्या उलटही घडतं. स्वतःच्या वापरातल्या वस्तू ते अचूक हाताळतात. घरचा तांब्या, घरची कंगवा-फणी, घरचं कुलूप. दादाकडे पुण्याला गेले तेव्हा वेगळ्या झाकणाची पाण्याची बाटली हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करत बसले. केंब्रिजच्या संशोधकांनीही नेमकं हेच नोंदवलंय, की रुग्णाची स्वतःची किटली त्याला कळते, तशीच दुसरी समोर ठेवली तर कळत नाही. म्हणून आता घरात जुनं काही मोडल्याशिवाय नवं येत नाही. काकूनं मिक्सरसुद्धा बदललेला नाही, तो जिवाच्या आकांतानं ओरडतो तरी.

दादा आणि काकूचा वाद पेटला तो शब्दांच्या यादीवरून. दादानं पुण्याहून रंगीत कार्डांचा संच पाठवला. लहान मुलांना शिकवतात तसा: हत्ती, जिराफ, अननस, विमान, सफरचंद. तो म्हणाला, जेवढे शब्द टिकतील तेवढे टिकवायचे, हार मानायची नाही. त्याचं दुःख मला कळतं. स्वतःला शब्द शिकवणाऱ्या माणसाला आता आपण हत्ती शिकवायचा, आणि तोही टिकणार नाही. काकू म्हणाली, "जिराफाचं यांना काय करायचंय? कराडात कुठे आलाय जिराफ?" माझं मत विचाराल तर मी काकूच्या बाजूची. शिकण्याची ताकद मोजकी उरली असेल तर ती जिराफावर का घालवायची? या आजारात पुढे स्वतःच्या अंगात काय होतंय हेही नीट सांगता येईनासं होतं, असं वाचल्यापासून तर माझं मत पक्कं झालं. आणि मध्यंतरी काकू कपाट आवरत असताना काकांनी डांबराची गोळी उचलून तोंडाजवळ नेली होती. पांढरी, गोल, गोडाच्या आशेनं. तिनं हातावर फटका मारून ती पाडली. गोळीचा वास त्यांना येत होता, पण तो वास खायच्या वस्तूचा नाही हे कळत नव्हतं.

तेव्हा काकूनं तिची यादी केली. मोबाइलवर फोटोही तिनंच काढले, घरातल्याच वस्तूंचे, म्हणजे शब्द चिकटला तर उपयोगाच्या वस्तूला चिकटेल. गॅस. किल्ली. औषधाचा डबा. संडास, आणि त्याची कडी. गरम, आणि त्यासाठी वाफ निघणारं पातेलं. दुखतंय, यासाठी तिनं स्वतः गुडघा धरून तोंड वाकडं केलेला फोटो काढून घेतला, तो मी काढला. डांबराच्या गोळ्या, वर लाल फुली. कोथिंबीर तिनं घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ती मी आणेन." रोज अकराला कार्डं निघतात, काका घड्याळ बघून आधीच खुर्चीत बसलेले असतात. परवा गेले तेव्हा पाहिलं, ते स्टँडवरच्याच सुरात एकेक शब्द पुकारतात: "गॅस! किल्ली!" एखादा येत नाही, तेव्हा काकू एकदा सांगते आणि पुढचं कार्ड धरते.

चिक्कीचं कार्ड मुद्दामच नाही. साखर वाढलीय, तो शब्द गेला तर बरं, असं काकूचं साधं गणित. पण अकराची कार्डं संपली की काका उठतात, फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवतात आणि न अडखळता म्हणतात, "चिक्की."

आणि डबा आता वरच्या फळीवरून माळ्यावर गेलाय.